मिठाचं वाक्य

दहाच्या सुट्टीत एनेलेस कोर्टाच्या फाटकाबाहेर आली आणि आंब्याखाली पिठाचे गोळे तळणाऱ्या नव्या बाईला म्हणाली, "दोन दे गं, गरम असतील तर." यात विशेष काही नव्हतं. लिलाँग्वेतलं निम्मं शहर सकाळच्या थंडीत कुठल्या ना कुठल्या कढईपाशी उभं राहून हेच म्हणत असतं. पण त्या बाईच्या हातातला झारा तेलावर तसाच थांबला. "पुन्हा बोला," ती म्हणाली. एनेलेसला वाटलं, हिला कमी ऐकू येतं; म्हणून ती जरा आवाज चढवून म्हणाली, "दोन मंडासी." तशी ती बाई कढई सोडून पुढे आली, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा पदर आवरून भररस्त्यात गुडघ्यांवर बसली आणि गावाकडे थोरांना करतात तसा दोन्ही हातांनी टाळी वाजवून नमस्कार केला. "तुम्ही माझं तोंड," ती म्हणाली. "तिकडे टेकड्यांकडच्या कोर्टात तुम्ही माझं तोंड होतात. चेहरा नाही ओळखला मी. आवाज ओळखला." मागे रांगेत उभा असलेला कोर्टाचा कारकून सोकोसा फिस्सकन हसला. "घ्या एनेलेसबाई, रिटायर व्हायला तीन आठवडे राहिले आणि आता भक्त भेटायला लागले." एनेलेसही हसली.

दुभाष्याला तोंड म्हणायची तिकडे पद्धतच होती. साक्षीदार आपल्या भाषेत बोलायचा, साहेब इंग्रजीत लिहायचा, आणि मधलं तोंड एनेलेसचं. तोंडाने स्वतःचं बोलायचं नसतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साक्षीदार म्हणाला 'मी बकरी चोरली नाही', तर आपणही म्हणायचं, 'मी बकरी चोरली नाही.' 'तो म्हणतो की' वगैरे नाही. त्यामुळे एकतीस वर्षांत एनेलेसने 'मी' या शब्दाने काय काय केलं नव्हतं! मी सासऱ्याला कुऱ्हाड मारली, मी शेजाऱ्याच्या बायकोकडे गेलो, मी त्या रात्री गावात नव्हतोच. आवाज कोरडा, सगळ्यांसाठी सारखाच. घरी गेल्यावर स्वतःसाठी 'मी' म्हणायला तिच्यापाशी फारसं उरत नसे. नवरा होता तोवर तो चेष्टा करायचा की, बाई, आज कोण आलंय जेवायला, चोर की साक्षीदार? तो गेल्याला नऊ वर्षं झाली. आता कुणी विचारत नव्हतं.

त्या बाईचं नाव मालिता. एनेलेसला नावाची गरजच नव्हती, टेकड्यांकडचं कोर्ट म्हटल्यावरच तिला कळलं होतं. त्यानंतरच्या बावीस वर्षांत कोर्टासमोर हजारो माणसं आली. त्यांतली बहुतेक तिच्या तोंडातून आली तशी निघून गेली. ही गेली नव्हती. चौदा वर्षांची, अंगाने थोराड, पाण्याची भांडी वाहून खांदे रुंद झालेली. मिशनच्या दवाखान्यातली नर्स तिला हाताला धरून घेऊन आली होती. आता तीच छत्तीस वर्षांची बाई होऊन मंडासी उलटत होती आणि शिळ्या बातम्या सांगाव्यात तसं सांगत होती. "तुम्ही अगदी बरोब्बर सांगितलं होतंत हो मावशी. मला इंग्रजी येत नव्हतं, पण तुम्ही काय सुरेख बोलत होतात! मला वाटलं, आता सुटले. पण साहेबाच्या मनातच नव्हतं, त्याला कोण काय करणार? पाठवलं परत नवऱ्याकडे. मग पहिल्या खेपेला तीन दिवस अडले. पोर गेलं, माझंही आतलं बरंच फाटलं. दोन वर्षं जवळ कुणी बसत नव्हतं, वास यायचा. त्याच नर्सने मग मोठ्या दवाखान्यात नेऊन शिवून आणलं. जाऊ दे. घ्या, हे अजून एक घ्या. तुमच्याकडून पैसे? वेड लागलंय का मला?" एनेलेसने पुढे केलेली नोट तिने तिच्याच मुठीत कोंबली. मुठीवर पीठ लागलं.

ते तीन मंडासी एनेलेसने खाल्ले नाहीत. कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवले आणि दुपारभर सायकलचोरीचा खटला इंग्रजीत केला. सायकल लाल होती, मी ती चुलतभावाकडून घेतली, मला घंटी आठवत नाही. तोंड चालत होतं. एकतीस वर्षांनी ते आपलं आपण चालतं, लक्ष नसलं तरी. लक्ष त्या दुसऱ्या खोलीत होतं. तिथे पत्र्याचं छप्पर तापलं की कडकड वाजायचं. मालिताचा मामा पुढच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता, नवरा म्हणवणारा माणूस त्याच्या शेजारी. वयाने दोघे सारखेच, एकाच मडक्यातली बिअर प्यायलेले मित्र. लग्न रीतीने झालं होतं. दोन्हीकडच्या मामांनी कोंबड्यांची देवाणघेवाण केली होती, ती एकदा झाली की मुलगी गेली. म्हातारा साहेब उत्तरेकडचा, त्याला इथली भाषा बाजारापुरती येत होती. त्याने मुलीला विचारलं, तुझं वय काय? आणि मालिता म्हणाली, अगदी स्पष्ट, कारण नर्सने तिला बजावलं होतं की घाबरू नकोस: "मागच्या मक्याच्या कापणीला मी मोठी झाले. तोवर आमच्या घरात मीठ मीच घालायचे."

एवढंच होतं. दोन वाक्यं. गावातल्या कुठल्याही बाईला, अगदी आंधळ्या म्हातारीलाही त्यावरून वय कळलं असतं. मुलगी मोठी झाली म्हणजे तिला पहिल्यांदा विटाळ आला. आणि विटाळाच्या दिवसांत बाईने कालवणात मीठ घालायचं नाही, घातलं तर घरातल्यांच्या छातीत रोग भरतो. म्हणून आई चुलीपाशी बसून पोरीला हाक मारते, ये गं, मीठ घाल. ज्या पोरीला अजून हाक मारतात ती मूल. हाक थांबली की सगळ्या आळीला कळतं. मालिता सांगत होती की साहेब, एका वर्षापूर्वी मी मूल होते. यापेक्षा चांगला जन्मदाखला तिच्याजवळ नव्हता. आणि तोंडाने इंग्रजीत सांगितलं: मी मागच्या कापणीला सज्ञान झाले. साहेबाने मान हलवली आणि लिहून घेतलं. मिठाचं वाक्य एनेलेसने सांगितलंच नाही.

का नाही सांगितलं? हे तिने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की प्रश्न आता घासून गुळगुळीत झाला होता. इंग्रजी येत नव्हतं म्हणावं, तर मिशनच्या शाळेत ती इंग्रजीत पहिली यायची. खोलीत अकरा पुरुष होते, हे खरं. त्यांतला एक मुलीचा मामा. ती स्वतः मोठी झाली तेव्हा तिला रीतीप्रमाणे आठ दिवस एका काळोख्या झोपडीत बसवलं होतं, आणि शिकवणाऱ्या म्हातारीने, पुढचे दोन दात नसलेल्या, तपकिरीच्या वासाच्या, तिच्या ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं: हे पुरुषांपुढे कधी काढायचं नाही. आईच्या भावापुढे तर मेलीस तरी नाही. विचारलं कुणी, तर म्हणायचं मोठी झाले, आणि गप्प. मीठ, रक्त, फडकं हे शब्द इथेच पुरायचे. त्या बोटाची चव तिला अजून आठवते. मग कॉलर लावून, काळे बूट घालून, सरकारी पगारावर ती कोर्टात उभी राहिली तरी ते बोट ओठांवर होतंच. मुलीने धीर करून सांगितलं, आणि तिने त्यावर सभ्य शब्दाचं पांघरूण घातलं. लाज मुलीची राखतोय असंच तेव्हा वाटलं होतं, आणि संध्याकाळी ती चांगली जेवलीही होती. दोन दिवसांनी साहेबाच्या निकालात तो शब्द आला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आणि तोवर नर्स फाटकाशी उभी राहून रडत होती. त्या वेळी हात वर करून सांगता आलं असतं. नोकरी जायची भीती होती.

दुसऱ्या दिवशी तिने मागच्या फाटकाने जायचं ठरवलं होतं, आणि गेली पुढच्याच. मालिताने लांबूनच हाक मारली, "या, माझं तोंड आलं!" आज कढईशेजारी पेटीवर एक मुलगी बसली होती, उंच, निळ्या गणवेशातली, मांडीवर पुस्तक. आणि टेबलाखाली पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी. "ही माझी यांखो," मालिता म्हणाली. "आणि ही खाली बसलीय ती तिच्या लग्नाची कोंबडी." कुणी हसलं नाही म्हणून तीच हसली. यांखो सुट्टीत गावी गेली होती, तिथे मालिताच्या भावाने, लेमेकने, भाचीचा मामा म्हणून कोंबडी घेऊनही टाकली. नवरदेव तंबाखूच्या मळ्यावरचा मुकादम, आधीची एक बायको असलेला. मालिताला कळलं तशी ती पहिल्या गाडीने गेली, एका काखेत पोरगी आणि दुसऱ्या काखेत कोंबडी घेऊन आली. "कापली नाही का म्हणून सगळे विचारतात. कापली तर खाल्ली म्हणतील. परत नेली तर भाऊ पुन्हा घेईल. आता कोर्टच सांगेल तिचं काय करायचं ते. गुरुवारी तारीख आहे. मावशी, मी कारकुनाला सांगितलंय, मला दुसरं कुणी नको. तुम्हीच बोलायचं माझ्यासाठी." तिने एनेलेसच्या हातात मंडासींचा कागद दिला. "तेव्हा तुम्ही होतात म्हणून मला वाटतं, निदान माझं कुणीतरी पूर्ण ऐकलं होतं."

एनेलेसला त्या क्षणी फार थकल्यासारखं वाटलं. तिथेच पेटीवर बसावं आणि तीन आठवडे उठूच नये, असं. आता सांगावं, हे ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात मुलगी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आईने तेव्हा कोर्टात जे सांगितलं, ते तुम्ही इंग्रजीत कसं म्हणालात? मला सांगा ना. मी आईला शिकवीन." तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. "यांखोचा अर्थ उत्तर," मालिता कौतुकाने म्हणाली, "पण कार्टी नुसती प्रश्न विचारते." एनेलेस म्हणाली, "फार वर्षं झाली गं. विसरले." मग तिने दोन्ही मंडासी तिथेच उभ्याने खाल्ले, एकापाठोपाठ एक, जीभ भाजली तरी.

तीन दिवस ती फुकटचं खात राहिली. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. बुधवारी तिने सोकोसाला विचारलंही, की माझ्या जागी त्या तरुण दुभाष्याला लाव, मला गुरुवारी बरं वाटत नाहीये. "गुरुवारचं तुम्हाला बुधवारीच कळतं होय?" सोकोसा म्हणाला. "अहो, ती बाई तीन वेळा येऊन गेली. तुम्ही नसाल तर तोंडच उघडणार नाही म्हणते. आणि तो पोरगा शहरातला. त्याला गावाकडचं अर्धं कळत नाही, जे कळतं त्याला हसतो." संध्याकाळी घरी एनेलेसने सुकी मासळी शिजवली आणि मिठाच्या डब्यापाशी थबकली. तिचे ते दिवस थांबून सात-आठ वर्षं झाली होती. म्हाताऱ्या आणि पोरी, मीठ घालायला या दोघीच मोकळ्या. मधल्या पस्तीस वर्षांत शेजारच्या कुठल्या कुठल्या पोरींना तिने हाका मारल्या होत्या, शहरात राहून, सरकारी नोकरी करून, रोगाबिगावर काडीचा विश्वास नसूनही. हात आपोआप आखडायचा. तिने चिमूट टाकली. जास्त पडली. तसंच जेवली.

गुरुवारी खोलीत नेहमीपेक्षा गर्दी होती. साहेब तिशीचा, चष्मेवाला, हाही उत्तरेकडचाच. चांगला होता, पण फाइलींच्या ढिगाखाली दबलेला. लेमेक कोट घालून आला होता. त्याने शांतपणे सांगितलं की भाची मोठ्या दुष्काळाच्या वर्षी जन्मली, अठरा पूर्ण झालीत, बहिणीला शहराचं वारं लागलंय. मुलीची दवाखान्यातली वही उंदरांनी खाल्ली होती, आणि शाळेच्या रजिस्टरात वयाच्या रकान्यात नुसती रेघ होती. मुलगी पहिल्या बाकावर बसली होती, गुडघ्यांवर हात, उंच असल्यामुळे अठराची म्हटली तरी खपली असती. साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले आणि आईला विचारलं: मुलीचं वय काय?

मालिता एनेलेसकडे बघून बोलली. साहेबाकडे तिने पाहिलंही नाही. "मागच्या मक्याच्या कापणीला माझी मुलगी मोठी झाली," ती म्हणाली. "तोवर माझ्या घरात मीठ तीच घालायची."

तेच शब्द. मुद्दाम नव्हते, हे सांगायला दुसरे शब्दच नव्हते तिच्याकडे. लेमेक घसा खाकरून खिडकीबाहेर बघायला लागला, कारण बहिणीने त्याच्यादेखत असं बोलायला नको होतं. ओठांवर ते बोट येऊन बसलं, तपकिरीच्या वासासकट. एनेलेसने तोंड उघडलं आणि इंग्रजीत, पूर्ण, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं: मागच्या कापणीला माझ्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली. त्याआधी आली नव्हती, कारण तोवर घरातलं मीठ ती घालत होती आणि आमच्याकडे ते काम लहान मुलीचं असतं. साहेब लिहायला लागला. इथे थांबता आलं असतं. मुलगी सुटण्यापुरतं बोलून झालं होतं, आणि एनेलेसचा आवाज थांबलाही. मग तोच कोरडा आवाज पुन्हा निघाला. "साहेब, दुभाषी म्हणून एक नोंद करायची परवानगी द्या." पेन थांबलं. ती म्हणाली की 'मोठी झाली' याचा अर्थ सज्ञान झाली असा नाही. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कोर्टात याच साक्षीदाराने स्वतःबद्दल हीच दोन वाक्यं सांगितली होती. दुभाष्याने पहिल्याचा अर्थ सज्ञान असा केला, दुसरं गाळलं, आणि चौदा वर्षांच्या मुलीला परत पाठवलं गेलं. तो दुभाषी मीच होते.

इंग्रजीत सांगितल्यामुळे ते सोपं गेलं, हे तिला बोलता बोलताच कळत होतं. मालिता तिच्याकडे विश्वासाने बघत होती, ओठ किंचित उघडे, आपलंच बोलणं सुरेख होऊन बाहेर पडतंय अशा समजुतीने. आपण असं ठिकाण निवडलंय जिथे जिला सांगायचं तिला ऐकू जाणार नाही, असं एनेलेसच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. तेवढ्यात तिची नजर पहिल्या बाकाकडे गेली. यांखोचे ओठ हलत होते. वर्गात बाईंच्या मागून म्हणतात तसे, आवाज न करता, प्रत्येक शब्द. एनेलेसने तिच्याकडे बघतच शेवटचं वाक्य पुरं केलं, आणि मग पाण्याचा पेला शोधला.

निकाल पाऊण तासात झाला. लग्न झालंच नाही, मुलगी आईकडे राहील, लेमेकने पुन्हा कोंबडी स्वीकारली तर तुरुंगात जाईल, आणि ही कोंबडी शनिवारच्या आत ज्याची त्याला परत. लोक हसले. लेमेकला इंग्रजी कामापुरतं कळत होतं; जाताना तो एनेलेसच्या पायापाशी थुंकला नाही इतकंच. "काय बोललीस गं पुरुषांपुढे," तो म्हणाला, "तुला आईबाप नव्हते का?" सोकोसाने काही चेष्टा केली नाही. त्याने कपाटातली फाइल काढून पुन्हा ठेवली आणि म्हणाला, "घरी जा, एनेलेसबाई. दुपारचं मी बघतो." खिडकीतून तिला आंब्याखालचा बाक दिसत होता. मुलगी आईला काहीतरी सांगत होती, हातांनी, सावकाश, मधेच अडून योग्य शब्द शोधत. मालिता खाली मातीकडे बघत होती. दुपारभर कढई तापलीच नाही.

शुक्रवारी दहाला एनेलेस पुढच्या फाटकाने गेली. तेल तापलं होतं, टेबलाखाली कोंबडी नव्हती, पेटीवर मुलगीही नव्हती, शाळेत असणार. रांगेत तिच्या पुढे दोघे होते, ती थांबली. तिचा नंबर आला तेव्हा मालिताने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं आणि वर न बघता विचारलं, "किती देऊ, बाई?"

"दोन," एनेलेस म्हणाली. तिने नोट पुढे केली, आणि या वेळी मालिताने ती घेऊन कमरेच्या गाठीत ठेवली. मंडासी कागदात बांधले, पण दिले नाहीत. हातातच धरून ठेवले.

"पोरीने सांगितलं मला," ती म्हणाली. "तिला सगळं नाही कळलं. एक-दोन शब्द अडले म्हणे. मी रात्रभर म्हणत होते, पोरीने चुकीचं ऐकलं असेल." मग तिने पहिल्यांदाच एनेलेसच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आजवर ती फक्त आवाजच बघत आली होती. "साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलंत. आता मला माझ्या भाषेत सांगा."

मागे रांग होती. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी म्हणालं, आटपा की बायांनो. एनेलेसने दोन्ही हात पुढे केले. ते मंडासींसाठी नव्हते, नुसतेच पुढे झाले होते. गुडघे दुखत होते तरी ती हळूच, टेबलाला धरून, मातीत खाली बसली.

"मी," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला, कारण हा 'मी' दुसऱ्या कुणाचा नव्हता. "मी तुझं मिठाचं वाक्य सांगितलं नव्हतं, मालिता."